उभ्या गाडीची बॅटरी पाच दिवसांत उतरते, मीटर मात्र म्हणतं सगळं ठीक: झेन, २००२

झेन_इंदिरानगर | १२ जानेवारी

राम राम मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे. नाशिकला सातपूरच्या एका कंपनीत तीस वर्षं स्टोअर सांभाळलं, त्यामुळे नोंद अर्धवट ठेवायची सवय नाही. कंटाळा आला तर थेट शेवटचा परिच्छेद वाचा.

गाडी मारुती झेन, पेट्रोल, २००२ ची. पहिल्या दिवसापासून माझ्याकडेच. पंधरा वर्षं झाल्यावर २०१७ ला आणि परत २०२२ ला पेठ रोडच्या आरटीओत नेऊन रिन्यू करून आणली. "काका, विकून टाका" हे तिथल्या रांगेत दोन्ही वेळा ऐकून झालंय, इथे कृपया नको.

दुखणं असं. गाडी चार-पाच दिवस सोसायटीत उभी राहिली की सेल्फ उचलत नाही. चावी फिरवली की समोरचे दिवे मिणमिणतात, बॉनेटखालून टक्-टक्-टक् येतं आणि मग तेही थांबतं. गेल्या मे महिन्यात रिटायर झालो, ऑगस्टपासून हे सुरू आहे. आतापर्यंत वॉचमन, दूधवाला आणि तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा यांनी मिळून सहा वेळा धक्का मारलाय. दूधवाला तर आता मी खाली उतरलो की सायकल जरा लांबच लावतो.

काय काय करून झालं ते सांगतो. जुनी बॅटरी तीन वर्षांची होती, म्हटलं तिचं वय झालं. सप्टेंबरमध्ये नवीन टाकली, ३५ अँपिअर-अवरची. नोव्हेंबरात तीही झोपली. दुकानदाराने चार्ज करून लोड टेस्टर लावला आणि म्हणाला, बॅटरी ठणठणीत आहे, गाडीच करंट खातेय. चार्जिंग बघितलं. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट, हेडलाइट लावले की १३.८. म्हणजे डायनॅमो भरतोय.

मग द्वारकेकडचा एक वायरमन. त्याने पाच मिनिटं इकडेतिकडे बघून स्टीरिओवर खापर फोडलं, आठशे रुपये घेतले आणि स्टीरिओ काढून माझ्या हातात दिला. बॅटरी उतरायची काही थांबली नाही, गाणी तेवढी थांबली.

शेवटी एम.जी. रोडवरून साडेचारशेचं मीटर आणलं. निगेटिव्ह केबल सोडून तिच्यात आणि बॅटरीत मीटर लावलं. ०.०० आलं! इतका आनंद झाला की बायकोला खाली बोलावून दाखवलं. दुसऱ्या दिवशी कळलं की लाल पिन मिलिअँपिअरच्या भोकात होती. दार उघडल्यावर आतला दिवा लागला असणार, आणि तेवढ्यानेच मीटरच्या पोटातला छोटा फ्यूज उडाला असणार. मेलेलं मीटर शून्यच दाखवणार. नवीन फ्यूज आणला, लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घातली, परत मोजलं. ०.०२. तीन वेगवेगळ्या दिवशी मोजलं, तिन्ही दिवशी ०.०२. म्हणजे वीस मिलिअँपिअर. घड्याळ, अलार्म वगैरे धरून एवढं चालतंच असं सगळे सांगतात.

दोन नोंदी अजून आहेत. एक, १० च्या पान्याने निगेटिव्ह केबल सोडून ठेवली तर आठ दिवसांनीही गाडी पहिल्या सेल्फला चालू होते. दोन, डिसेंबरात निफाडला बहिणीकडे कार्य होतं. तिच्या अंगणात गाडी दहा दिवस उभी होती, मी मधे एसटीने येऊन-जाऊन होतो. तिथे केबल सोडली नव्हती. क्रेट उतरवायला जागा लागली तर ढकलून बाजूला घेऊ म्हणून भाच्याने गाडी न्यूट्रलला आणि चावी आतच ठेवायला लावली होती. निफाडची डिसेंबरातली थंडी काय असते ते इथे सांगायला नको. अकराव्या दिवशी पहाटे चावी फिरवली, अर्ध्या सेल्फला चालू! नाशिकला आणली, पाचव्या दिवशी परत टक्-टक्.

वीस मिलिअँपिअरने दिवसाला अर्धा अँपिअर-अवर जातो. त्या हिशोबाने ३५ ची बॅटरी संपायला दोन महिने लागायला हवेत. इथे आठवडाही निघत नाही. आवक-जावक जुळत नाही, आणि शिल्लक जुळली नाही की मला झोप लागत नाही. कुठे बघू?

टॉपगिअर_नाशिक | १२ जानेवारी

काका, रागावू नका, पण विकून टाका.

झेन_इंदिरानगर | १२ जानेवारी

शेवटचा परिच्छेद वाचा म्हणालो होतो, पण तुमच्यासाठी दुसरा.

सिडकोची_स्वारी | १२ जानेवारी

थंडीत बॅटरीचा दम कमी होतोच काका. माझी पण डिसेंबर-जानेवारीत नखरे करते. बॅटरीची वरची बाजू पुसता का? ॲसिडचा ओलसर थर आणि धूळ बसली की त्यातूनच दोन टर्मिनलच्या मधे थोडा करंट वाहत राहतो. खायचा सोडा पाण्यात कालवून त्याने पुसा, फक्त बुचातून आत जाऊ देऊ नका. आणि इतका त्रास करून घेण्यापेक्षा निगेटिव्हवर कटऑफ स्विच बसवा. दोन-तीनशे रुपयांत मिळतो. रात्री फिरवला की झालं, सकाळी परत फिरवा.

झेन_इंदिरानगर | १२ जानेवारी

बॅटरी पुसून घेतो, धन्यवाद. पण ती केबल सोडून आठ दिवस ठेवली तरी भरलेली राहते. वरच्या थरातून जात असतं तर केबल सोडूनही उतरली असती, नाही का? आणि थंडी म्हणाल तर निफाडला इथल्यापेक्षा जास्त होती.

कटऑफ स्विच बसवेन हो, पण चोर सापडल्यावर. घरात पाणी गळतंय म्हणून रोज रात्री टाकीचा कॉक बंद करून झोपायचं, हे काही मला पटत नाही.

जुनी_जीप | १२ जानेवारी

साहेब, ऑल्टरनेटर नीट भरतो म्हणजे तो निर्दोष असं समजू नका. त्याच्या आत डायोड असतात, ते करंट एकाच दिशेने जाऊ देतात. एखादा डायोड अर्धवट गेला की गाडी चालू असताना चार्जिंग जवळजवळ बरोबर दिसतं आणि बंद केल्यावर बॅटरीतला करंट उलटा आत शिरतो. माझ्या जीपमध्ये हेच होतं. दोन वर्षं मी बॅटरीवाल्यांना शिव्या घातल्या.

तपासायला सोपं आहे. गाडी रात्रभर बंद असताना सकाळी ऑल्टरनेटरच्या अंगाला हात लावून बघा. इंजिन गार आणि तो कोमट असेल तर तोच. किंवा आधी निगेटिव्ह केबल सोडा, मग ऑल्टरनेटरच्या मागची जाड वायर काढून तिचं टोक टेपने नीट गुंडाळा, आणि मगच मीटर लावून मोजा. ती वायर थेट बॅटरीची असते. निगेटिव्ह न सोडता पाना लावलात आणि तो बॉडीला टेकला तर दिवाळी होईल.

पंचवटी_वायरिंग | १२ जानेवारी, रात्री

काका राम राम. गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, बावीस वर्षं झाली. तुमची पोस्ट दोनदा वाचली. सगळ्यांनी बॅटरी वाचली, थंडी वाचली, क्रेट कोणी वाचले नाहीत.

निफाडला दहा दिवस गाडी लॉक नव्हती. चावी आत, दार उघडं. बरोबर?

आता सांगा, तुम्ही तीन वेळा मीटर लावलं तेव्हा गाडी लॉक होती का? नसणार. बॉनेटचा खटका ड्रायव्हरच्या दाराच्या आत असतो. तो ओढायला दार उघडायचं म्हणजे आधी रिमोट दाबून अलार्म बंद करायचा. मग बॉनेट उघडून केबल सोडायची, मीटर लावायचं. चोर पकडायला आधी बेल वाजवून गेल्यासारखं झालं हे. गाडी लॉक असताना काय खाते ते तुम्ही एकदाही मोजलेलं नाही.

अलार्म कंपनीतून आलेला नाही ना? कधी बसवलाय, कोणी बसवलाय?

असं करा. एक जाड वायर घ्या, दोन्ही टोकांना क्लिप. एक क्लिप बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला, दुसरी निगेटिव्ह केबलच्या लगला, म्हणजे टोकाच्या कडीला. आता केबल टर्मिनलवरून काढलीत तरी गाडीचा सप्लाय तुटत नाही. मग मीटर १० अँपिअरवर ठेवून त्याच दोन जागी लावा. सध्या करंट जाड वायरमधून जातोय, मीटर नुसतं बसलंय. काचा खाली घेऊन ठेवा, चावी खिशात. दारं लावा, रिमोटने लॉक करा. लॉकच्या मोटरी क्षणभर पुष्कळ करंट ओढतात, तो जाड वायर झेलेल, मीटरचा फ्यूज वाचेल. पाच मिनिटं थांबा. झेनला फार डोकं नाही, लगेच झोपते. नवीन गाड्यांना अर्धा-अर्धा तास लागतो. मग जाड वायरची एक क्लिप हळूच काढा आणि आकडा वाचा.

बॉनेटला अलार्मची पिन असेल तर ती बोटाने किंवा टेपने दाबून ठेवा, नाहीतर लॉक झाल्या झाल्या बोंबलायला लागेल. आणि मीटर मधे असताना चुकूनही सेल्फ मारू नका.

झेन_इंदिरानगर | १३ जानेवारी

वायरिंगवाले दादा, तुम्हाला दंडवत.

आज पहाटे सहाला खाली उतरलो, म्हणजे वर्दळ नको. सांगितलं तसं केलं. जाड वायर म्हणून जुन्या जम्पर केबलचा तुकडा वापरला. अनलॉक असताना ०.०२. रिमोट दाबला, पाच मिनिटं मोजली, क्लिप काढली.

०.१८.

चष्मा पुसून परत बघितलं. ०.१८. अनलॉक केलं, ०.०२. लॉक केलं, ०.१८. असं चार वेळा केलं. पाचव्या वेळी थंडीने बधिर झालेल्या बोटांतून क्लिप भलत्याच वेळी सुटली. लॉक असलेल्या गाडीचा सप्लाय तुटला, मी घाबरून क्लिप परत टेकवली आणि अलार्मला वाटलं कोणी बॅटरी कापली. सहा वाजून वीस मिनिटांनी सायरन. रिमोट कुठल्या खिशात ते सापडेना. तळमजल्यावरचे आजोबा कानटोपी घालून गॅलरीत आले, मला बॉनेटमध्ये वाकलेला बघितलं आणि "तुम्हीच का!" म्हणून आत गेले.

अलार्म २०१० चा आहे. तेव्हा आमच्या भागातून दोन गाड्या गेल्या होत्या म्हणून शहरातल्या एका दुकानातून बसवून घेतला. दुकान आता तिथे नाही.

पण एक हिशोब लागत नाही. अलार्म २०१० पासून आहे. इतकी वर्षं बॅटरी उतरली नाही, मग गेल्या ऑगस्टपासूनच का? अलार्म आता बिघडला म्हणायचं का?

मिलिव्होल्ट | १३ जानेवारी

काका, मला वाटतं अलार्म बिघडलेला नाही. तुम्ही रिटायर झालात.

०.१८ गुणिले २४ म्हणजे दिवसाला साधारण ४.३ अँपिअर-अवर. तुम्ही रोज सातपूरला जात होतात. किती वेळ लागायचा, येऊन-जाऊन पाऊण-एक तास? तेवढ्यात ऑल्टरनेटर चार-पाच अँपिअर-अवर सहज परत भरत असणार. रोज संध्याकाळी खातं जेमतेम बरोबरीत. मे मध्ये रोजचं जाणं थांबलं. आवक थांबली, जावक तेवढीच राहिली. पाच दिवसांत २१-२२ अँपिअर-अवर जातात, ३५ मधले. उरलेल्यात जानेवारीच्या पहाटे सेल्फ कसा उचलेल? त्यात प्रत्येक वेळी इतकी खोल उतरली की प्लेटांवर सल्फेट बसतं आणि बॅटरीची धारण करायची ताकदच कमी होते. म्हणून नवीन बॅटरीही नोव्हेंबरात झोपली.

एक विचारू? २०१० नंतरच्या बॅटऱ्या किती वर्षं टिकल्या?

झेन_इंदिरानगर | १३ जानेवारी

डायरी काढून बघितली. गाडीबरोबर आलेली पाच वर्षं. तिच्यानंतरची २०१० मध्ये चालूच होती, ती २०११ ला गेली. मग २०१४, २०१६, २०१९, २०२१ आणि आता २०२४. एकही धड तीन वर्षांच्या वर गेली नाही. मी दर वेळी म्हणायचो, हल्ली मालच तसा येतो.

चौदा वर्षं रोज चार अँपिअर-अवर. आणि मी स्टोअरमध्ये एका बेअरिंगच्या तुटीसाठी लोकांना रात्री आठपर्यंत बसवून ठेवत होतो.

इंदिरानगर, पाथर्डी फाटा, अंबड, सातपूर. जायला पंचवीस मिनिटं, यायला तीस-पस्तीस. तुमचा हिशोब बरोबर आहे.

पंचवटी_वायरिंग | १३ जानेवारी

मिलिव्होल्ट ताई बरोबर बोलल्या. आता आकड्याकडे बघा काका. लॉक केल्यावर ०.१६ वाढतो. अलार्मचा लाल दिवा लुकलुकतो त्याला पाच-दहा मिलिअँपिअर, बाकी दीडशेच्या आसपास. दीडशे मिलिअँपिअर म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर एकच वस्तू येते, रिले, म्हणजे आतल्या कॉइलमधून करंट गेला की फिरणारा स्विच. चौकोनी काळा डबा, पाच पाय. बारा व्होल्टच्या साध्या रिलेच्या कॉइलचा रेझिस्टन्स ऐंशी-नव्वद ओहम असतो. बारा भागिले ऐंशी करा.

अलार्मबरोबर एक रिले असतो, गाडी लॉक असताना सेल्फची वायर तोडून ठेवायला. म्हणजे चोराने चावी फिरवली तरी सेल्फ लागणार नाही. या रिलेच्या कॉइलचा एक पाय अलार्मला, दुसरा चावीच्या लाइनला द्यायचा असतो. म्हणजे लॉक असताना कोणी चावी फिरवली तरच कॉइल ओढते, एरवी शून्य. पण घाईतला माणूस चावीची लाइन शोधत बसत नाही. जवळच कायमची लाल लाइन असते, त्यावर जॉइंट मारून मोकळा. काम तर होतं, गिऱ्हाईक खूश. फक्त गाडी लॉक आहे तोवर कॉइल रात्रभर ओढून बसते.

स्टीअरिंगखालचं पॅनेल काढा आणि हात घाला. तिथेच कुठेतरी असेल.

जुनी_जीप | १३ जानेवारी

म्हणजे ऑल्टरनेटर सुटला. मी माझे शब्द मागे घेतो, जीपमध्ये मात्र तोच होता हं.

मिलिव्होल्ट | १३ जानेवारी

काका, पॅनेल उघडण्याआधी एक करून बघा, मजा येईल. फ्यूज उपटत बसू नका. उपटला की सप्लाय तुटतो आणि अलार्म परत बोंबलेल. प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात. गाडी लॉक करून, मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून त्या दोन ठिपक्यांवर दोन टोकं टेकवा. ज्यातून करंट जात नाही तो फ्यूज शून्य दाखवेल. जातोय तो थोडेसे का होईना मिलिव्होल्ट दाखवेल, कारण फ्यूजलाही किंचित रेझिस्टन्स असतो. १५ अँपिअरच्या पात्याच्या फ्यूजला पाचेक मिलिओहम, म्हणजे तुमच्या करंटला पाऊण मिलिव्होल्टच्या आसपास. मीटर स्वस्तातलं असलं तरी एवढं कळेल. १० च्या फ्यूजवर याहून थोडं जास्त येईल, म्हणून आकडा वाचताना फ्यूजवरचा नंबरही बघा.

ऑफिसमध्ये आमच्याकडे डीसीचा क्लॅम्प मीटर आहे, तो वायरभोवती लावला की काहीच सोडावं लागत नाही. पण घरगुती वायरमनकडे असतो तो साधा टाँग टेस्टर इथे चालत नाही, तो फक्त एसी करंट मोजतो, बॅटरीचा डीसी नाही.

झेन_इंदिरानगर | १५ जानेवारी

काल संक्रांत, बायकोने गाडीला हात लावू दिला नाही. पतंगाच्या मांज्याने एवढी बोटं कापून घेणाऱ्या पोरांना कोणी काही म्हणत नाही, असो.

आज पहाटे उतरलो. रात्री लॉक करून ठेवली होती. काच आधीच खाली होती, तिच्यातून अर्धा आत वाकलो, कारण दार उघडलं की सगळं मुसळ केरात. फ्यूजचं झाकण काढून एकेका फ्यूजवर टोकं टेकवली. शून्य, शून्य, शून्य. आतला दिवा आणि स्टीरिओचा जो १५ चा फ्यूज आहे त्यावर ०.७. म्हणजे द्वारकेच्या माणसाने फ्यूज बरोबर ओळखला होता म्हणायचा, त्यावर बसलेला माणूस चुकीचा धरला.

मग तिथेच वरच्या बाजूला हात सरकवला. गाडीचं सगळं आतलं अंग गार पडलं होतं. स्टीअरिंगचा पत्रा तर बर्फासारखा. त्या पत्र्याच्या मागे, वायरींच्या जुडग्यात, बोटांना एक चौकोनी गोष्ट लागली. कोमट. चहा पिऊन ठेवलेला कप पाच मिनिटांनी लागतो ना, तशी. आजूबाजूला सगळं गार आणि तेवढंच एक कोमट. काळोखात उंदीर हाताला लागावा तसा पटकन हात मागे घेतला, खरं सांगतो.

उजेड झाल्यावर अनलॉक करून पॅनेल उघडलं. तीन स्क्रू. आत काळ्या टेपचं वेटोळं, टेपचा डिंक वितळून बोटांना चिकटणारं डांबर झालंय. रिले केबल टायने पत्र्याला बांधलेला. पायांवर आकडे बारीक कोरलेले आहेत: ३०, ८५, ८६, ८७, ८७ए. ८५ ची बारीक वायर अलार्मच्या डब्यात जाते. ३० आणि ८७ए मध्ये सेल्फची कापलेली वायर. आणि ८६ मधून निघालेली लाल वायर दोन वीत लांब, तिचं टोक स्टीरिओच्या कायमच्या लाइनला नुसतं पिळून टेप मारलेलं. दादा, तुम्ही पंचवटीत बसून माझ्या डॅशबोर्डच्या आतलं सांगितलंत.

गाडी लॉक करून रिले सॉकेटमधून उपटला. मीटर ०.१८ वरून ०.०३.

आता ही लाल वायर चावीच्या लाइनला देतो. इग्निशन स्विचच्या मागे वायरी दिसतायत. टेस्ट लॅम्पने बघितलं, चावी एक टप्पा फिरवली की निळी जिवंत होते, चावी काढली की मरते. तीच घेऊ ना?

पंचवटी_वायरिंग | १५ जानेवारी

थांबा थांबा. पहिल्या टप्प्यावर जिवंत होणारी नको, ती एसीसीची, म्हणजे स्टीरिओ वगैरेंची. त्याच्या पुढच्या

झेन_इंदिरानगर | १५ जानेवारी

उत्तर यायच्या आत जोडून मोकळा झालो. आणि काय झालं ते ऐका.

म्हटलं आता चोराची परीक्षा घेऊ. काच खाली, दारं बंद, रिमोटने लॉक, काचेतून हात घालून चावी लावली. सायरन सुरू, ते अपेक्षितच. चावी पूर्ण फिरवली आणि गाडी चालू झाली! सायरन बोंबलतोय, इंजिन मजेत फिरतंय. चोराला बँडबाजासकट निरोप.

पंचवटी_वायरिंग | १५ जानेवारी

अर्धवट पोस्ट गेली, दुकानात गिऱ्हाईक आलं होतं. तेच सांगत होतो. सेल्फ मारतो त्या क्षणी एसीसीची लाइन गाडी स्वतःच तोडते, सगळी ताकद सेल्फला मिळावी म्हणून. तुम्ही बघितलं असेल, सेल्फ मारताना स्टीरिओ क्षणभर बंद पडतो. त्या क्षणी तुमच्या रिलेची कॉइल सुटते आणि नेमकी तेव्हाच सेल्फची वायर जोडली जाते. तुम्हाला दुसऱ्या टप्प्याची, इग्निशनची लाइन हवी. ती सेल्फ मारतानाही जिवंत राहते, नाहीतर इंजिनच चालू होणार नाही. टेस्ट लॅम्प लावून दुसऱ्या कोणाला सेल्फ मारायला सांगा. ज्या वायरवर दिवा मंद होईल पण विझणार नाही ती तुमची. लॉक नसताना करा हे, आणि गिअर न्यूट्रल.

आणि काका, पिळून टेप मारू नका. त्या दुकानदाराने मारली तशी. सोल्डर करा, वर हीट श्रिंक स्लीव्ह. फांदी काढाल तिथे लगेच छोटा इनलाइन फ्यूज टाका, ३ अँपिअरचा पुरे. ही लाइन इंजिनची आहे, उद्या तिथे शॉर्ट झालं तर कसारा घाटात गाडी बंद पडेल.

झेन_इंदिरानगर | १६ जानेवारी

बायकोला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, मी खाली पाय वर करून टेस्ट लॅम्प धरून. "मार" म्हटलं की तिने मारायचा. चौथ्या वायरवर दिवा मंद झाला, विझला नाही. काळी, पांढऱ्या रेघेची. कापलेली नाही, साल थोडी सोलून फांदी काढली, सोल्डर, स्लीव्ह, ३ चा फ्यूज. सोल्डरिंग आयर्न रेडिओ दुरुस्तीच्या छंदातलं घरात होतंच. कायमच्या लाइनवरचा जुना जॉइंट काढून तिथेही सोल्डर करून बंद केलं.

परत चोराची परीक्षा. सायरन सुरू, चावी फिरवली, शांत. टक्सुद्धा नाही. आजोबा या वेळी गॅलरीत आलेच नाहीत, त्यांना सवय झाली.

लॉक करून मोजलं, ०.०३. बॅटरी चार्जर लावून रात्रभर पूर्ण भरून घेतली. आजपासून गाडीला हात लावणार नाही, लॉक करून ठेवलीय. सकाळी १२.६ व्होल्ट होते.

सिडकोची_स्वारी | १७ जानेवारी

कटऑफ स्विच बसवला असतात तर हे सगळं कळलंच नसतं. मी मागवलेला तसाच ठेवतो आणि आधी माझी लॉक करून मोजतो. माझाही अलार्म बाहेरूनच बसवलेला आहे.

टॉपगिअर_नाशिक | १७ जानेवारी

काका, विकायची झाली तर आधी मला सांगा.

झेन_इंदिरानगर | २५ जानेवारी

नऊ दिवस झाले. आज सकाळी बॉनेट उघडून मोजलं, १२.४ व्होल्ट. चोक-बिक नाही, ॲक्सिलरेटर नाही, चावी फिरवली आणि लागली. दूधवाला शेजारीच होता. त्याने गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सायकल जवळ लावली.

सिडकोवाल्यांनी मोजलं का? आकडा टाका.

सिडकोची_स्वारी | २५ जानेवारी

०.०४, लॉक करूनही. म्हणजे माझीला खरोखरच थंडी वाजते. बॅटरी सहा वर्षांची आहे, तिला आता काय बोलणार.

झेन_इंदिरानगर | २५ जानेवारी

मग तिची सेवानिवृत्ती करा.

दादा, एकच राहिलं. स्टीरिओ अजून कपाटावर पडलाय. त्याच्या मागे पिवळी आणि लाल अशा दोन वायरी आहेत, द्वारकेच्या माणसाने काढताना खूण केलेली नाही. कुठली कुठे?

पंचवटी_वायरिंग | २५ जानेवारी

पिवळी कायमच्या लाइनला, तिच्यामुळेच स्टेशनं लक्षात राहतात. लाल एसीसीला, जी तुम्ही त्या दिवशी घाईत रिलेला दिली होती तीच निळी. उलटी लावलीत तर दर वेळी चावी काढली की स्टेशनं विसरेल. काळी बॉडीला. या वेळी उत्तर पूर्ण वाचून मग जोडा.